"मार्क इतके कमी का?" मुलाखतीत या प्रश्नाला काय सांगायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदा लिहितोय.

मी नाशिकचा. मेकॅनिकल, २०२५ ला पास आउट. दहावी २०१९ ला ८९ टक्के. बारावी २०२१ ची, म्हणजे परीक्षाच न झालेली बॅच. डिग्रीचा सीजीपीए ६.१. फर्स्ट इयरला एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) राहिला, सेकंड इयरला सॉलिड मेकॅनिक्स. एम-टू दुसऱ्या अटेम्प्टला निघाला, सॉलिड मेकॅनिक्सला तीन लागले. आता एकही केटी (राहिलेला विषय) शिल्लक नाही. पण कॅम्पस सुरू झालं तेव्हा सॉलिड मेकॅनिक्स निघालेला नव्हता आणि आलेल्या बहुतेक कंपन्यांची अट होती 'थ्रूआउट ६०, नो लाइव्ह बॅकलॉग', म्हणजे दहावीपासून सगळीकडे ६० टक्के आणि एकही विषय राहिलेला नको. त्यामुळे वर्गातली मुलं टाय बांधून आत जात होती आणि मी लायब्ररीत बसून होतो. पुढे अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला अप्रेंटिस लागलो. त्याला अकरा महिने झाले, पुढच्या महिन्यात मुदत संपते.

मागच्या आठवड्यात चाकणला मुलाखत होती. समोर तिघे. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग मधल्या साहेबांनी मार्कशीटवर बोट ठेवलं, "हे काय, तीन अटेम्प्ट?" मी म्हणालो, "सर, त्या विषयाचे शिक्षक सेमिस्टरच्या मध्येच बदलले, कोविडमुळे बेस कच्चा राहिला होता, आणि पेपरही अवघड होता, खूप मुलं नापास झाली." ते शांतपणे म्हणाले, "पास झालेल्यांनाही तेच शिक्षक होते ना?"

त्यानंतर जे येत होतं तेही सांगता आलं नाही. दोन दिवसांनी नकाराचा मेल आला.

येत्या शुक्रवारी रांजणगावला दुसरी मुलाखत आहे. हा प्रश्न येणारच. काय सांगू? वडील सातपूरला ऑपरेटर आहेत, त्यांची दोन वर्षं उरली आहेत. घरी कोणी काही बोलत नाही, पण मला झोप लागत नाही.

सोनचाफा
स्वागत आहे, गोदाकाठ. मी हिंजवडीत रिक्रूटमेंटमध्ये आहे, बारा वर्षं झाली. तुला काय सांगायचं ते प्लँटमधली माणसं जास्त चांगलं सांगतील, मी आधी एक गोष्ट मोकळी करते.

तुला मुलाखतीला बोलावलं, म्हणजे तुझे मार्क त्यांनी आधीच पाहिलेत. कॅम्पसच्या वेळी शेकडो अर्ज येतात, तेव्हा ६० ची चाळणी लावली जाते. ती माणूस लावत नाही, एक्सेल लावतं. त्या चाळणीत तू अडकलास, ते झालं. आता तू थेट अर्ज करून, अप्रेंटिसशिपच्या जोरावर टेबलापर्यंत पोचला आहेस. ६.१ बघूनही तुझ्यासाठी तीन माणसांनी अर्धा तास काढला. तेव्हा हा प्रश्न तुला बाहेर काढायला विचारलाय असं धरून बसू नकोस. बहुतेक वेळा तो तू कसा बोलतोस ते ऐकायला विचारलेला असतो.

आणि रेझ्युमेवर सीजीपीए लिही. न लिहिलेला आकडा वाचणारा मनातल्या मनात आणखी खाली धरतो. टक्क्यांत लिहायचा असेल तर मार्कशीटच्या मागे विद्यापीठाने छापलेलं सूत्रच वापर. सीबीएसईचं साडेनऊने गुणायचं सूत्र डिग्रीला लावलेले रेझ्युमे माझ्याकडे येतात, आणि पडताळणीत आकडा जुळला नाही की ती मुलं विनाकारण खोटी ठरतात.

सडेतोड
थोडं कडू लिहितो, राग मानू नये. अशा धाग्यांवर "मार्कांना काही अर्थ नसतो" असं मुलांना सांगितलं जातं. अर्थ असतो. चार वर्षं एक काम दिलं होतं, ते कसं केलं त्याची ती नोंद आहे. कंपनीकडे तुझ्याबद्दल दुसरं काय आहे? तेव्हा प्रश्न विचारणारा वाईट, असं मनात धरून आत जाऊ नकोस. चाकणच्या साहेबांनी जे विचारलं ते रास्त होतं.

गोदाकाठ
@सडेतोड, राग नाही. ते रास्त होतं हे मलाही तिथून बाहेर पडताना जिन्यातच कळलं.

@सोनचाफा, ताई, धन्यवाद. सीजीपीए लिहिलेला आहे.

शॉपफ्लोअर
मी भोसरी, मग चाकण अशा ऑटो पार्ट्सच्या कारखान्यांत चोवीस वर्षं काढली. ट्रेनी घ्यायच्या पॅनेलवर गेली नऊ-दहा वर्षं बसतो. हा प्रश्न मी स्वतः विचारतो, म्हणून तो का विचारतो ते सांगतो.

आमच्याकडे रोज काही ना काही चुकतं. टूल तुटतं, लॉट रिजेक्ट होतो, कस्टमरची तक्रार येते. अशा वेळी लाइनवरचा पोरगा येऊन "सर, मटेरियल खराब होतं, मेंटेनन्सवाले आले नाहीत, दुसऱ्या शिफ्टने सेटिंग बिघडवलं" असं म्हणाला, तर माझ्या हाती काहीच लागत नाही. तो खोटं बोलत असेल असं नाही, तिन्ही गोष्टी खऱ्याही असतील. पण जो "सर, माझ्याकडून पहिला पीस चेक करायचा राहिला, त्यामुळे चाळीस पीस गेले, आता मी असं असं करतोय" म्हणतो, त्याच्या भरवशावर मी रात्री घरी जाऊ शकतो. मार्कांचा प्रश्न हा त्याचाच प्रश्न आहे. ट्रेनीच्या पदरी आमच्यासमोर चुकलेली अशी एकच मोठी गोष्ट असते, ती म्हणजे मार्कशीट. म्हणून तीच विचारतो.

तू चाकणला तीन कारणं दिलीस आणि त्या तिन्ही कारणांत तू कुठे नव्हतास.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. ज्या विषयात तीन अटेम्प्ट लागले, पुढचा प्रश्न त्याच विषयातला येतो. नऊ वर्षांत माझ्यासमोर केटीवाली कितीतरी मुलं आली. "कुठे अडलं होतं?" असं विचारून मी कागद पुढे सरकवतो. एका मुलाला एसओएम राहिला होता, तुमचं सॉलिड मेकॅनिक्स तेच. त्याला म्हटलं, दोन्ही टोकांना टेकलेली तुळई, मधोमध वजन, बेंडिंग मोमेंट काढ. त्याने सूत्र आठवत बसण्याऐवजी दोन्ही टेकूंवर निम्मं-निम्मं वजन दाखवलं, मधल्या बिंदूपर्यंतचं निम्मं अंतर घेतलं, गुणाकार केला, डब्ल्यूएल (वजन गुणिले लांबी) भागिले चार. खाली त्रिकोण काढला, टोकांना शून्य, मध्ये शिखर. मिनिटभराचं काम. मग म्हणाला, "सर, हे मला परीक्षेच्या वेळी पाठ होतं, समजलं नंतर." मी त्या मुलाला घेतलं. आज तो आमच्याकडे लाइन इंजिनिअर आहे.

आणि सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू? "सर, त्या विषयाचं नको, दुसरं काहीतरी विचारा." हे फार मुलं म्हणतात. नापास झालो तोच विषय पक्का करून यायचं, हे कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं. आठ दिवसांत सगळं पुस्तक होत नाही, पण पायाच्या दहा गोष्टी होतात. शीअर फोर्स, बेंडिंग मोमेंट, स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख आणि त्यावरचा प्रत्येक बिंदू, टॉर्शन, डिफ्लेक्शन. शुक्रवारपर्यंत एवढंच कर.

आता सांग, अंबडला अकरा महिने काय केलंस?

गोदाकाठ
काका, खूप खूप आभार. फार काही नाही केलं. इन-प्रोसेस इन्स्पेक्शन. दर दोन तासांनी लाइनवर जाऊन पीस मोजायचे, रजिस्टरला लिहायचे. बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज वापरता येतात. साहेबांच्या पीपीएपी फाइलला (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची फाइल) कागद जुळवायचे. प्रोजेक्ट असा काही नाही.

शॉपफ्लोअर
अकरा महिने दर दोन तासांनी मोजलंस. त्यात विचित्र काही दिसलं का कधी?

गोदाकाठ
हो, एक दिसलं होतं. आमच्या एका सीएनसी मशीनवर बेअरिंग हाउसिंगचा बोअर (आतलं गोल भोक) होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला पहिले आठ-दहा पीस बाकीच्यांपेक्षा १२ ते १५ मायक्रॉनने वेगळे यायचे, मग आपोआप लाइनवर यायचे. ऑपरेटर दर वेळी ऑफसेट (टूलची सेटिंग) बदलायचा आणि तासाभराने परत फिरवायचा. मी जुनी रजिस्टरं काढून तीन महिन्यांचे आकडे वहीत तारखेप्रमाणे लिहिले, तर हे फक्त सुट्टीनंतरच दिसत होतं. ऑपरेटर मामांना दाखवलं. ते म्हणाले, मशीन गार असतं रे. मग साहेबांना सांगून सुट्टीनंतर २० मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवून मग पहिला पीस घ्यायला सुरुवात केली. ते आता चेकशीटमध्ये आहे. पण हे काही माझं संशोधन नाही, मामांना आधीच माहीत होतं.

शॉपफ्लोअर
अरे बाळा, आणि तू म्हणतोस फार काही नाही केलं.

मामांना माहीत होतं, पण चेकशीटमध्ये नव्हतं. तीन महिन्यांचे आकडे तू मांडलेस. पॅनेलला या वहीतलं काम सांग. फोटो नको, कंपनीचा कागद बाहेर नेऊ नकोस, पार्टचं किंवा कस्टमरचं नाव घेऊ नकोस, पण काय केलंस ते कागदावर आलेख काढून सांग. मामांचं श्रेयही सांग. ऑपरेटरचं ऐकणारा इंजिनिअर आम्हाला हवाच असतो.

आता एक प्रश्न, रात्री झोपताना विचार कर. तो बोअर ज्या बोरिंग बारने होतो, ती बार टूल होल्डरमधून जितकी बाहेर आहे त्याच्या दुप्पट बाहेर काढली, कटिंग फोर्स तेवढाच ठेवला, तर टोक किती पट वाकेल? आणि याचा तुझ्या केटीशी काय संबंध?

बालाघाट
@गोदाकाठ, तुझी पोस्ट वाचून माझे दिवस आठवले, राहवलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. दहावीनंतर डिप्लोमा, ७८ टक्के, आणि मग डायरेक्ट सेकंड इयर. डिप्लोमावाल्यांना ठाऊक आहे, एम-वन आणि एम-टू न करता आपण एकदम एम-थ्रीत जाऊन पडतो. लाप्लासची पाटी पुसायच्या आत सर पुढे गेलेले असायचे. दोनदा राहिला.

मुलाखतीत इंग्रजीतून विचारलं. मी दोन वाक्यं इंग्रजीत बोललो आणि अडखळलो. मग धीर करून विचारलं, "सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का? इंग्रजीवर काम चालू आहे, पण मला हे नीट सांगायचंय." ते "बोला" म्हणाले. मी सांगितलं की दुसऱ्यांदा राहिल्यावर सुट्टीत गावाकडे अकरावी-बारावीच्या पुस्तकांपासून गणित परत केलं, इंटिग्रेशनसकट. तेव्हा कळलं की मला एम-थ्री अवघड नव्हता, त्याच्या खालची पायरीच नव्हती. तिसऱ्यांदा ६४ आले. हे ऐकून त्यातले एक जण म्हणाले, "मी पण डिप्लोमाच."

प्रत्येक ठिकाणी मराठी चालणार नाही हे खरं. पण शॉपफ्लोअरच्या नोकरीला विचारायला हरकत नसते. मान खाली घालून चुकीचं इंग्रजी बोलण्यापेक्षा विचारलेलं बरं.

लेखाजोखा
मी इंजिनिअर नाही, सीए आहे. पण आमच्याकडे हा प्रश्न याहून थेट येतो. फर्ममध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या विचारतात, "किती अटेम्प्ट?"

मला फायनलला चार लागले. सीएला प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के, दोन्ही लागतं. तेव्हा ग्रुपला चार पेपर असायचे, २०२४ पासून तीन झाले. एका अटेम्प्टला माझे चारही पेपर ४० च्या वर होते आणि बेरीज ४०० पैकी १९४. सहा मार्क. ते सहा मार्क मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले. नातेवाइकांना, मैत्रिणींना, आणि पहिल्या दोन मुलाखतींतही.

मग आमच्या आर्टिकलशिपच्या (सीएची उमेदवारी) सरांनी एकदा बसवून विचारलं, "तू सहा मार्क का गेले ते सांगतेस. दोनशे का मिळवता आले नाहीत ते कधी सांगणार?" त्यावर विचार केला तेव्हा कळलं, दोन्ही ग्रुप एकदम द्यायचा माझा हट्ट होता. बरोबरच्या मुली देत होत्या म्हणून. नोकरीसारखी आर्टिकलशिप सांभाळून माझ्याने ते होत नव्हतं आणि ते मला मान्य करायचं नव्हतं. पुढच्या वेळी एकच ग्रुप दिला, निघाला. मग दुसरा.

तिसऱ्या मुलाखतीत एवढंच सांगितलं. चार अटेम्प्ट, एक चुकीचा निर्णय दोनदा घेतला, मग बदलला. समोरच्या मॅडमनी मान हलवली आणि जीएसटीच्या नोटिशीबद्दल विचारायला लागल्या. पुन्हा त्या विषयाकडे वळल्याही नाहीत.

वळणवाट
एक बाजू राहतेय असं वाटतं. सगळ्यांचेच मार्क अभ्यास न केल्याने किंवा चुकीच्या ठरवण्याने जात नाहीत. माझ्या थर्ड इयरला आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. मी एकुलती एक. त्या वर्षीचे मार्क बघितले की मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या खुर्च्याच दिसतात.

मुलाखतीत हे सांगावं का, यावर मी फार विचार केला होता. वाटायचं, सहानुभूती मागतेय असं होईल. शेवटी एक वाक्य ठरवलं, "थर्ड इयरला घरी गंभीर आजारपण होतं, जबाबदारी माझ्यावर होती, त्या दोन सेमिस्टरचा तो परिणाम आहे, बाकी सेमिस्टर तुमच्यासमोर आहेत." आई गेली हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

ज्यांच्याकडे असं खरं कारण आहे त्यांनी ते लपवू नये. स्वतःच्या आजारपणाचं, मनाच्या आजाराचंही तसंच. "तब्येतीचं कारण होतं, उपचार घेतले, आता ठीक आहे" एवढ्यावर थांबायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तपशील त्यांना देणं लागत नाही.

सोनचाफा
@वळणवाट, फार नेमकं लिहिलंस. आणि हो, पलीकडून कोणी तपशील खोदत बसलं तर ती त्यांची चूक.

कोविडबद्दल मात्र थोडं. २०२१ च्या बॅचची मुलं सर्रास "कोविडमुळे" म्हणतात. ते खोटं नाही. त्या वर्षी बारावीचा निकाल दहावी ३०, अकरावी ३० आणि बारावीचं अंतर्गत मूल्यमापन ४० अशा वजनाने लावला आणि राज्यात ९९.६३ टक्के मुलं पास झाली. बारावीची उजळणी, प्रिलिम, तीन तास बसून पेपर लिहिणं, यातलं काहीच न होता ही मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या ऑफलाइन पेपरला बसली. हाल झाले, मी माझ्या भाच्याचे पाहिलेत. पण तुझ्याबरोबर मुलाखतीला आलेली सगळीच त्या बॅचची असतात, म्हणून ते कारण तुझ्या वाट्याला उरत नाही. एका वाक्यात येऊ दे, पहिल्या वाक्यात नको.

गोदाकाठ
@शॉपफ्लोअर काका, काल रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो. आठ पट. होल्डरमधून बाहेर आलेली बोरिंग बार म्हणजे कॅन्टिलिव्हरच आहे, एकाच टोकाला पक्की धरलेली तुळई. टोकावर फोर्स, डिफ्लेक्शन डब्ल्यूएल क्यूब भागिले थ्री ईआय. लांबी दुप्पट म्हणजे दोनाचा घन. अकरा महिने मी त्या मशीनसमोर उभा आहे आणि हे कधी डोक्यात आलं नाही. सेटर दादा नेहमी म्हणतात, "बार आत घे, आवाज करतेय." आज त्यांना विचारलं तर म्हणाले, स्टीलच्या बारला साधारण व्यासाच्या चौपट, त्यापुढे थरथरते.

उत्तराचा मसुदा केलाय, बघाल का?

"सर, बारावीच्या वेळी कोविड असल्याने माझा गणिताचा पाया थोडा कच्चा राहिला आणि कॉलेजमध्ये नवीन वातावरणात रुळायला वेळ लागला. सॉलिड मेकॅनिक्स हा विषय मला अवघड गेला व तीन अटेम्प्ट लागले याची मला खंत आहे. परंतु मी मेहनती आहे, लवकर शिकतो आणि अपयशातून शिकायला मिळतं असं मी मानतो. अप्रेंटिसशिपमध्ये मी खूप काही शिकलो. संधी मिळाल्यास मी शंभर टक्के देईन."

शॉपफ्लोअर
आठ पट बरोबर. शाबास.

मसुद्यातलं "परंतु"पासून पुढचं सगळं खोड. मेहनती, लवकर शिकतो, शंभर टक्के, हे प्रत्येक जण म्हणतो, ऐकणाऱ्याच्या कानात जात नाही. "खंत आहे"ही काढ, माफी मागायला बोलावलेलं नाही. आता मला सांग, खरं काय झालं होतं? इथे कोणी ओळखत नाही तुला.

गोदाकाठ
खरं सांगायचं तर पहिल्या अटेम्प्टला मी मागच्या पाच वर्षांचे पेपर पाठ केले होते. एम-टू निघाला तेव्हाही असंच केलं होतं, म्हणून वाटलं चालेल. आकडे बदलून आले आणि काही जमलं नाही. दुसऱ्या वेळीही तेच केलं, फक्त जास्त पेपर. तिसऱ्या वेळी हॉस्टेलच्या एका सीनियरने रोज संध्याकाळी फ्री बॉडी डायग्रॅम (वस्तूवरचे सगळे फोर्स दाखवणारी आकृती) काढायला लावला, सूत्र बघायचंच नाही. तेव्हा निघाला.

शॉपफ्लोअर
हे घे, हेच उत्तर आहे. एक शब्द बाहेरून आणायची गरज नाही.

"सर, सॉलिड मेकॅनिक्स मी दोनदा जुने पेपर पाठ करून दिला आणि दोनदा राहिला. तिसऱ्यांदा रोज फ्री बॉडी डायग्रॅम काढून केला, तेव्हा समजला. आता अंबडला ज्या मशीनवर मोजतो तिथे बोरिंग बार किती बाहेर ठेवायची, त्या ओव्हरहँगला तेच लागतं."

आणि थांब. अर्धं मिनिटही होत नाही. त्यांना बोरिंग बारबद्दल विचारावंसं वाटेल, मग तुझी वही आहेच. नाही विचारलं तर पुढच्या प्रश्नाला जाऊ दे, तू परत मार्कांकडे ओढू नकोस. आरशासमोर नाही, माणसासमोर म्हणून बघ. बहिणीला बसव, वडिलांना बसव. सातपूरचे ऑपरेटर आहेत ना, त्यांच्याइतकं नीट हे कोणाला कळणार?

सडेतोड
हे उत्तर मला दिलं असतंस तर मी पुढचा प्रश्न आनंदाने विचारला असता. शुभेच्छा.

सोनचाफा
आणखी एक सांगून ठेवते, तुझ्यासाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. कमी मार्क झाकायला पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत खोट्या अनुभवाची पत्रं विकणारे आहेत. पैसे घेतात, दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर आणि सॅलरी स्लिपा देतात. पीएफच्या यूएएन क्रमांकावर त्या नोकरीची नोंदच नसते, आणि तिथेच सगळं उघडं पडतं. रुजू होऊन चार महिने झालेल्या मुलांना याच कारणाने एका दिवसात घरी जाताना पाहिलंय. सहा सीजीपीएवर नोकरी उशिरा मिळते, पण मिळते. असा शिक्का एकदा बसला की त्या कंपनीचं दार कायमचं बंद.

गोदाकाठ
आज जाऊन आलो. बसमधूनच लिहितोय.

चौघे होते. प्रश्न तिसऱ्याच मिनिटाला आला. पहिलं वाक्य बोलताना आवाज हलला, दुसऱ्यापासून ठीक झालो. "पाठ करून" म्हटल्यावर एक साहेब हसले, वाईट नाही, ओळखीचं हसले. मग काका म्हणाले तसंच, कागद पुढे आला. कॅन्टिलिव्हर, पण टोकावर वजन नाही, सगळीकडे सारखं पसरलेलं. मी घाईत डब्ल्यूएल स्क्वेअर लिहिलं. लिहिल्यावर थांबलो, म्हटलं, "सर, एक मिनिट," आणि फ्री बॉडी काढला. पसरलेल्या वजनाची बेरीज मध्यावर धरायची, म्हणजे अंतर एल नाही, निम्मा एल. डब्ल्यूएल स्क्वेअर भागिले दोन केलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले.

मग गार मशीनचं विचारलं. वीस मिनिटं त्यावरच गेली! "२० मिनिटंच का, दहा का नाही?" असं विचारलं. मी सांगितलं की दहा मिनिटांनी घेऊन बघितलं होतं, तेव्हाही ५-६ मायक्रॉन फरक राहत होता. मामांचं नाव घेतलं. घरी वडिलांसमोर तीन वेळा हे सगळं बोलून झालं होतं, त्याचा फार उपयोग झाला. काल वडिलांनीच विचारलं होतं, दहा मिनिटं का नाही.

शेवटी एचआर मॅडम म्हणाल्या, सोमवारी प्लँट हेडसोबत दुसरी राउंड, येताना सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणा. सगळ्या म्हणजे राहिलेल्या अटेम्प्टच्या पण आणायच्या का? दोन माझ्याकडे आहेत, एम-टूच्या पहिल्या अटेम्प्टची सापडत नाहीये.

सोनचाफा
हो, सगळ्या. सेमिस्टरच्या क्रमाने लाव, राहिलेली आधी, निघालेली तिच्यामागे. ओरिजिनल आणि एक झेरॉक्स सेट. हरवलेल्या मार्कशीटसाठी आजच कॉलेजच्या एक्झाम सेक्शनला फोन कर, शनिवारी अर्धा दिवस असतील. विद्यापीठाकडे डुप्लिकेटचा अर्ज करावा लागेल आणि ती सोमवारपर्यंत हातात येणार नाही. तोवर निकालाची ऑनलाइन प्रिंट काढून कॉलेजचा शिक्का मारून घे, आणि अर्जाची पावती त्याच फोल्डरमध्ये ठेव. मॅडमना आत जायच्या आधी स्वतःहून सांग की ही एक डुप्लिकेटला टाकली आहे.

शॉपफ्लोअर
दहा मिनिटांनी घेऊन बघितलं होतंस हे तू आम्हाला सांगितलंच नव्हतंस! सोमवारी प्लँट हेड मशीनवरच घेऊन जातील बहुतेक. सेफ्टी शूज घालून जा.